बुटाला हात लावू नका

आमच्या घरात पावसाळ्यात पंख्याखाली नंबर लागतात. हॉलमधल्या पंख्याची थेट हवा जिथे पोचते, तो टापू जेमतेम चार बाय चार फुटांचा. त्यावर पहिला हक्क मुलीच्या जीन्सचा, कारण डोंबिवलीच्या हवेत एक जीन्स वाळायला अख्खा चातुर्मास लागतो आणि अधिक महिना आला तर तोही. दुसरा हक्क आईच्या सोवळ्याच्या लुगड्याचा. त्याला कुणाचा स्पर्श चालत नाही, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंची वीतभर हवाही राखीव. मग टॉवेल, उशांचे अभ्रे, पडदे. माझ्या बनियनांना पंखा मिळत नाही, त्यांना सोफ्याची पाठ मिळते. पाहुणे आले की आधी बनियनं उठतात, मग पाहुणे बसतात, आणि पाहुणे उठले की ओली पाठ घेऊन घरी जातात.

या रांगेत चामड्याच्या बुटाचा नंबर कितवा? तो रांगेतच नाही. बूट ही दाराबाहेरची वस्तू.

"पायातल्या वहाणेला पंखा?" आई म्हणाली. "उद्या म्हणशील, तिला पाटावर बसव."

वास्तविक मुंबईकडच्या नोकरदाराचे चामड्याचे बूट जूनमध्ये भिजायलाच नकोत. आमच्या ऑफिसात सगळे जूनपासून गणपती जाईपर्यंत प्लास्टिकच्या सँडलवर येतात, आणि चामड्याचे बूट टेबलाच्या खालच्या खणात, स्टेपलर आणि जुन्या दिवाळी अंकांच्या सोबतीनं दिवस काढतात. माझे बूट मात्र मे महिन्यात एका लग्नासाठी घरी आले होते आणि माहेरपणाला राहिले होते. अशात परिपत्रक निघालं: दिल्लीहून मोठे साहेब येत आहेत, सर्वांनी व्यवस्थित पोशाखात यावे. बूट घातले. स्टेशनकडे जाताना एका रिक्षावाल्यानं खड्ड्याची खोली माझ्या बुटांच्या साहाय्यानं मोजली. पुढे दादरला प्लॅटफॉर्म बदलताना उरलेलं काम वरून झालं. ऑफिसात मी चपक-चपक करत शिरलो तेव्हा दिल्लीचे साहेब आलेले होते. त्यांच्या पायात निळ्या रबरी चपला होत्या.

"बंबई की बारिश, भाई!" ते माझ्या बुटांकडे बघत दयेनं म्हणाले.

आता ओलं चामडं वाळवायची खरी रीत फार सोपी आहे. कोरड्या फडक्यानं पाणी टिपायचं, नाड्या काढायच्या, आतला सुटा तळवा निघत असेल तर काढून वेगळा ठेवायचा. आत साध्या कागदाचे बोळे भरायचे, ते ओले झाले की बदलायचे. बूट आडवा ठेवायचा, म्हणजे तळालाही हवा लागते. जागा सावलीची आणि खेळत्या हवेची. मग वाट बघायची: एक दिवस, दोन दिवस, पार भिजला असेल तर आणखी. वाळत आला की थोडं क्रीम लावायचं. संपलं. यातलं सगळं आमच्या घराला जमतं. फक्त 'वाट बघायची' हे जमत नाही. घरात ओली वस्तू पडली आहे आणि तिला कुणी काही करत नाही, हे दृश्य मराठी माणसाला बघवत नाही. तो उठून निदान तिची बाजू तरी बदलतो.

चेन्नईला 1948 पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. तिच्या शाखा आमच्या सोसायटीत घरटी एक. मी बूट जिन्यात काढून मोजे पिळतोय तोवर तीन मजल्यांवरून तीन मतं खाली आली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, तांदळात पुरा, आमच्या यांचा मोबाइल तसाच वाचला. (आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढे श्रावणभर त्या आमच्याकडे फिरकल्या नाहीत.) तिसऱ्या मजल्यावरचे काका एका रंगाच्या कंपनीतून रिटायर झालेले, म्हणून सोसायटीत रसायनशास्त्र त्यांच्याकडे. ते म्हणाले, "आधी मला सांगा, क्रोम टॅनिंग आहे की व्हेजिटेबल?"

"ब्राउन आहे," मी म्हणालो.

"मग अवघड आहे," असं म्हणून ते समाधानानं वर गेले.

पहिली अडचण कागदाची. आम्ही पेपर बंद केला, त्याला बराच काळ झाला. बातम्या मोबाइलवर येतात, शब्दकोडं मोबाइलवर येतं, राशिभविष्य तर नको तेव्हा येतं. पण मोबाइल बुटात कोंबता येत नाही. वर्तमानपत्रांच्या भवितव्यावर इतके परिसंवाद होतात, त्यांत ओल्या बुटाची बाजू कुणी मांडलेली मी ऐकली नाही. शेवटी शेजाऱ्यांकडून मागून आणला. मागितलेल्या पेपरात लोक काय देतील याचा नेम नसतो. त्यांनी दिली रविवारची गुळगुळीत पुरवणी, पानोपानी टॉवर आणि त्यांतले पोहण्याचे तलाव. गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही. बुटातलं पाणी बुटात राहिलं, आणि एका बिल्डरचा जलतरण तलाव प्रथमच पाण्यानं भरला. मग साधा पेपर मिळवला. पण बोळा करण्याआधी त्यावर नजर जातेच, आणि जुनी बातमी नव्या बातमीपेक्षा नेहमीच वाचनीय असते. आमची ही बोळे करायला बसली आणि एका अर्धवट अग्रलेखाचं उरलेलं पान कुठल्या बुटात गेलं म्हणून भरलेला बूट पुन्हा रिकामा करून बसली. फिकट रंगाच्या अस्तराला छपाईची शाई लागते, तेव्हा तिथे कोरा कागद वापरावा, हेही खरं. माझ्या उजव्या बुटात आत टाचेजवळ आज 'सोने स्वस्त' एवढं उलटं वाचता येतं.

मुलीनं आपल्या परीनं मदत केली. नव्या बॅगांतून, डब्यांतून येणाऱ्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या ती लहानपणापासून जमवते. त्यातली एक तिनं बुटात टाकली आणि म्हणाली, "बाबा, सिलिका जेल. सगळं ओढून घेईल." ते ओढून घेतं हे खरं, पण आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, फार तर थोडं जास्त. पुडी होती ग्रॅमभराची. बुटातून मी सकाळी वाटीभर पाणी ओतलं होतं. अरबी समुद्रातून एक चमचा पाणी काढून समुद्र आटला का बघण्याचा हा प्रकार होता, पण मुलगी रात्री दर तासाला उठून बूट हुंगून आली. बाप म्हणून मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो आणि मागे घरात हेअर ड्रायर निघाला.

इथे थोडं शास्त्र सांगतो, काकांकडून आलेलं असलं तरी बरोबर आहे. चामडं म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे एकमेकांत गुंतलेले तंतू, आणि त्या तंतूंमध्ये कारखान्यात मुरवलेलं तेल. तेल असतं म्हणून तंतू एकमेकांवरून सरकतात आणि बूट पायाबरोबर वाकतो. ओलं चामडं घाईनं तापवलं की पाणी जातं, तेलाची वाटणी बिघडते आणि तंतू एकमेकांना चिकटून बसतात. त्यात ओल्या चामड्याला उष्णता सोसत नाही. न कमावलेलं कातडं तर पाण्यात 60-65 अंशांनाच आक्रसतं, झाडांच्या सालींनी कमावलेलं साधारण 70 ते 85 अंशांना, आणि क्रोमचं 100 च्या आसपास तग धरतं. त्याआधीच ते कडक होऊ लागतं, हा भाग वेगळा. आणि तळ चिकटवायचं सोल्युशन तर या कशाचीच वाट बघत नाही, ते गरम हवेनं मऊ पडतं. फार उकळलेल्या कोलॅजेनचं जिलेटिन होतं, ज्याची जेली करतात. म्हणजे हेअर ड्रायर हातात घेतलेला माणूस एकाच वेळी बूट आकसवत असतो, तळ सोडवत असतो आणि चिकाटी दाखवलीच, तर जेवणानंतरच्या गोडाची तयारी करत असतो.

संध्याकाळी घरी आलो तर डावा बूट मला बघून हसत होता. तळ पुढून सुटला होता.

"वाळला की नाही?" हिनं अभिमानानं विचारलं.

वाळला होता. बोटानं वाजवला तर टकटक आवाज आला. उजवा मात्र अजून ओला होता, कारण मधेच मुलीला केस वाळवायचे होते.

उजव्यावरून मग घरात दोन पक्ष पडले. आईचा पक्ष फ्रिजचा. आमच्या लहानपणी ओले मोजे फ्रिजच्या मागच्या काळ्या जाळीवर वाळत घालत, आणि तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं, हा तिचा मुद्दा. हल्लीच्या फ्रिजला ती जाळी नसते, तरी तिनं बूट मागे सरकवून दिला. तो तिथे वाळला नाहीच, उलट दुसऱ्या दिवशी तो सापडेना म्हणून मी एका पायात बूट घालून घरभर फिरलो. हिचा पक्ष उन्हाचा. जुलैत डोंबिवलीला ऊन पडणं ही ब्रेकिंग न्यूज असते. सोसायटीच्या ग्रुपवर "ऊन आलंय!!" असा संदेश येतो आणि साऱ्या इमारतीच्या ग्रिलमधून गाद्या, उशा, कडधान्यं आणि आजोबा एकदम बाहेर येतात. कडक उन्हात ओलं चामडं तडकतं, रंगही उडतो, हे मी सांगेपर्यंत बूट ग्रिलमध्ये होता. पाच मिनिटांत ऊन गेलं, सर आली, गाद्या आत गेल्या, कडधान्यं आत गेली, आजोबाही आत गेले. बूट राहिला. बुटाचं कुणाला लक्षात नसतं, तो दाराबाहेरचा.

या सगळ्यात कोल्हापूरहून माझे मेहुणे आले. भर पावसात, अनवाणी. बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कोल्हापुरी जोडी.

"अहो, पायात घालायची ना?" मी म्हणालो.

"दाजी, पाय भिजलं तर घटकाभरात वाळत्यात. पायताण भिजलं तर बसा बोंबलत."

या वाक्यानंतर चर्म संशोधन बंद करायला हरकत नव्हती. पण मेहुणे बोलतच राहिले. कोल्हापुरी चपलेचं चामडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात, शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा औषधाला नाही. पाणी लागलं की ती फुगते, ताणते आणि पुन्हा मापात येत नाही. म्हणून पावसाळ्यात ती फडक्यात बांधून माळ्यावर जाते. 2019 मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. 2025 च्या जूनमध्ये प्राडानं तशाच धाटणीच्या सँडल मिलानच्या फॅशन शोमध्ये चालवल्या, त्यावर आरडाओरडा झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. "मिलानात पाऊस पडत न्हाई काय?" हा मेहुण्यांचा त्यावर एकच प्रश्न.

पिशवीला भोक होतं आणि डाव्या पायताणाचा अंगठा ओलसर झाला होता. मी बघत राहिलो. आईनं स्वतःच्या हातानं लुगडं सरकवलं, जीन्स खाली उतरवली आणि सुनेच्या भावाचं पायताण पंख्याखाली ठेवलं. खाली पाट नव्हता, स्वच्छ पंचा होता.

संध्याकाळी मेहुण्यांनी वाळलेल्या चपलेला दोन थेंब एरंडेल चोळलं. ते बरोबरच होतं, सालीत कमावलेल्या चामड्याला बेताचं तेल मानवतं. दोन थेंब हे माप मात्र आमच्या घरात कुणी पाळत नाही. रात्री आईनं माझ्या उजव्या बुटाला तेल पाजलं. बाळंतिणीला माखतात त्या हातानं. बाटली संपली म्हणून डावा वाचला. सकाळी माझ्याकडे एक तपकिरी बूट होता, कडक आणि हसरा, आणि दुसरा जांभळट काळा, मऊ आणि दिव्यात घालायच्या वातीच्या वासाचा.

आता पाकिटाबद्दल. त्याच पावसात मागच्या खिशातलं चामड्याचं पाकीटही भिजलं होतं. पाकीट वाळवायचं तर पूर्ण रिकामं करून, उघडं ठेवायचं. ही सूचना अविवाहितांसाठी निरुपद्रवी आहे. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर जप्तीचा पंचनामा झाला. शिर्डीच्या अंगाऱ्याची पुडी, तिचं आता गंध झालेलं. साखरपुड्यातला हिचा फोटो, तो प्लास्टिकच्या कप्प्याला असा चिकटला होता की सोडवताना हिचं नाक कप्प्यात राहिलं. 2016 च्या नोटाबंदीतून निसटलेली जुनी पाचशेची नोट.

"ही कुठून आली? तेव्हा मी विचारलं होतं, सगळ्या दिल्यात ना बँकेत?"

"चुकून राहिली असेल."

"आणि हे काय?"

ती मिठाईच्या दुकानाची पावती होती. पाणी पिऊनही शाई इमानाला जागली होती. पाव किलो मलई पेढे, तारीख डॉक्टरांनी गोड बंद केल्यानंतरची. मी दिल्लीच्या साहेबांचं नाव सांगितलं. साहेबांसाठी पेढे नेले होते म्हणालो. तारीख साहेब येण्याच्या खूप आधीची निघाली. मुलगी म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी यूपीआय करू नका, ते वाळवावं लागत नाही, आपोआप दिसतं." त्यानंतर जे झालं त्यात रिकामं पाकीट शोकेसच्या कोपऱ्यावर उघडंच पडून राहिलं. कुणालाही त्याची आठवण झाली नाही. ना कुणी तापवलं, ना कुणी तेल लावलं. अबोला संपला तेव्हा बघितलं, तर पाकीट उत्तम वाळलं होतं. मऊ, सरळ, घडीवर एक भेग नाही.

यावरून घरानं काही धडा घेतला असता, पण तेवढ्यात कपाटातल्या पट्ट्यावर पांढरं काहीतरी दिसलं. पट्टा ओलसरच गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवलेला. जुलैत इकडे हवेतच 80 टक्क्यांहून जास्त आर्द्रता असते, त्यात बंद पिशवी म्हणजे बुरशीला मेजवानीचं आमंत्रण. पण तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, कशावरून बुरशी? चामड्यातली चरबीही अशी पांढरी वर येते. जरा ऊब दाखवा, वितळून नाहीशी झाली तर चरबी, राहिली तर बुरशी. परीक्षा खरीच आहे. उबेसाठी तळहात पुरतो. काकांनी काडी ओढली. निदान नक्की झालं, ती बुरशी होती. ती आता नाही. पट्ट्याची पहिली तीन भोकंही नाहीत, पण पेढे बंद झाल्यावर तशीही मागची लागणार होती. (बाकीच्यांनी पट्टा गच्चीवर नेऊन कोरड्या ब्रशनं झाडावा, मग निम्मं पाणी आणि निम्मं स्पिरिट अशा मिश्रणात फडकं जेमतेम ओलं करून पुसावा. आधी आतल्या बाजूला बोटभर जागेवर रंग जातो का बघावं. आणि पुसल्यावर पुन्हा पिशवीत घालू नये, एवढी विनंती.)

शेवटी बुटांची जोडी घेऊन स्टेशनबाहेरच्या निळ्या ताडपत्रीखाली गेलो. तिथले चर्मकार मामा वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी हसरा बूट हातात घेतला, वाजवला. मग दुसरा घेतला, हुंगला. माझ्याकडे पाहिलं.

"काय काय केलंय?"

मी सांगत गेलो. पुरवणी, सिलिका, ड्रायर, फ्रिज, ऊन, एरंडेल. ते मान हलवत टाका घालत राहिले.

"काही केलंच नसतं तर वाळला असता, साहेब."

"पण घरात कुणी ऐकत नाही ना, मामा."

"बरं आहे," ते म्हणाले. "पूर्वी पावसात आम्हाला काम नसायचं. हे ड्रायर आल्यापासून सीझन चांगला जातो."

तळ शिवून झाला, काळ्याला जुळेल असा रंग तपकिरीला दिला, क्रीम चोळलं. बूट आता खणात आहेत, स्टेपलरशेजारी, आणि दसऱ्यापर्यंत तिथेच राहतील, मग दिल्लीहून कुणीही येवो. घरी मात्र चामड्याची बॅग, मुलीची पर्स आणि मेहुणे विसरून गेलेलं उजवं पायताण अजून आहे, आणि पाऊस ऑक्टोबरपर्यंत गृहीत धरलेला बरा. तेव्हा वाचकांना एकच मागणं. कुणाकडे जुने पेपर पडून असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी कृपया आम्हाला कळवा. योग्य भाव देऊ. गुळगुळीत पुरवण्या नकोत, आणि अग्रलेख अर्धवट असलेले अंकही नकोत, ही वाचत बसते.